जेवढे हाताळले, तेवढेच मागितले: एका रायफलच्या गरजपत्रकाचे प्रकरण

(हे प्रकरण खरे आहे. देश, पलटण आणि माणसे ओळखता येतील असे तपशील काढून टाकले आहेत. जुन्या युद्धांचे आणि रायफलींचे दाखले मात्र नावानिशी दिले आहेत.)

पार्श्वभूमी

एका मध्यम आकाराच्या सैन्याला पायदळाची रायफल बदलायची होती. वापरात असलेली रायफल ५.५६ मिमी व्यासाच्या गोळीची, परवाना घेऊन देशातच बनवलेली. भरती होणाऱ्या जवानांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावरच नेमबाजी शिकल्या होत्या. आता नळ्या झिजल्या होत्या, मॅगझिनचे (गोळ्यांच्या पेटीचे) ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकत होते आणि दुर्बीण बसवायला वर धड जागा नव्हती. बदल हवा, यावर कुणाचेच दुमत नव्हते.

समिती नेमली गेली. अध्यक्ष एक कर्नल. सोबत पायदळाचे काही अधिकारी, शस्त्रप्रशिक्षण शाळेतला एक ज्येष्ठ सार्जंट, गुणवत्ता तपासणीचा एक अभियंता आणि खरेदी विभागाची माणसे. मी बाहेरचा, कागदपत्रे तपासून टिपण लिहिणारा. काम सरळ होते: नवी रायफल कशी हवी हे लिहून काढायचे. त्या कागदावरून निविदा, निविदेवरून चाचण्या आणि चाचण्यांवरून खरेदी. म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षे जवानाच्या खांद्यावर काय असणार, ते या कागदावर ठरणार होते.

मसुदा लवकर तयार झाला. फारच लवकर, असे आज वाटते. वाद झाले ते आकड्यांवर. वजन इतके की तितके, नळी एवढी की तेवढी. एखादी अट मुळात हवीच का, हे कुणी विचारले नाही.

अडचण

मसुदा वाचताना अध्यक्षांनी समासात एक रकाना आखला आणि प्रत्येक अटीसमोर लिहायला सांगितले: ही अट कुठून आली? कोणत्या प्रसंगातून, कोणत्या चाचणीतून, कुणाच्या तक्रारीवरून? बहुतेक रकाने कोरे राहिले. जे भरले गेले, त्यांवरून वेगळेच चित्र समोर आले.

समितीतल्या जवळपास प्रत्येकाने आयुष्यभर दोनच रायफली खऱ्या अर्थाने वापरल्या होत्या: सध्याची आणि तिच्या आधीची ७.६२ मिमीची. काहींनी शत्रूकडून जप्त केलेल्या एके रायफलीतून थोड्या गोळ्या झाडल्या होत्या. दोघांनी शस्त्रप्रदर्शनात परदेशी रायफली हातात घेतल्या होत्या, त्याही रिकाम्या, गालिच्यावर उभे राहून. बाकीची माहिती कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून आणि व्हिडिओंतून आलेली.

एवढ्याशा ओळखीतून मसुद्यात तीन प्रकारच्या अटी शिरल्या होत्या.

पहिला प्रकार जुन्या रायफलीच्या दुखण्यांचा. मॅगझिनचे ओठ वाकायचे, म्हणून नवे मॅगझिन पोलादीच हवे. मुळात वाकायचे ते मॅगझिन पातळ ॲल्युमिनियमचे होते आणि वर्षानुवर्षे बदललेही गेले नव्हते. चांगल्या पॉलिमरचे मॅगझिन समितीतल्या कुणी हाताळलेलेच नव्हते, त्यामुळे दुखणे धातूच्या जाडीचे की देखभालीचे, हा प्रश्नच पुढे आला नाही.

दुसरा प्रकार सवयीचा. जुन्या रायफलीत जे होते ते रायफलीत असतेच, असे गृहीत धरलेले. तीन गोळ्यांचा बर्स्ट, म्हणजे ट्रिगर एकदा दाबल्यावर सलग तीन गोळ्या सुटणे, हे त्याचे ठळक उदाहरण. मसुद्यात तो अनिवार्य होता. का, असे विचारल्यावर उत्तर आले, "गोळ्या वाचतात." हे उत्तर पायदळाच्या इतिहासात फार जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॅगझिनच्या रायफली आल्या, तेव्हा ब्रिटिश ली-मेटफर्डवर मॅगझिन बंद ठेवणारी एक पट्टी बसवली होती. जवानाने एकेक गोळी हाताने भरावी, मॅगझिन आणीबाणीसाठी राखावे. एकेक गोळी भरत वाढलेल्या अधिकाऱ्यांना दारूगोळा उधळला जाण्याचीच धास्ती होती. पहिल्या महायुद्धात उत्पादनाची घाई झाली तेव्हा ली-एन्फील्डवरून ती पट्टी काढून टाकली आणि कुणाचे काही अडले नाही.

तिसरा प्रकार स्वप्नांचा. जे फक्त चित्रात पाहिले ते सगळेच हवे. नळी बदलून दोन कॅलिबर, म्हणजे दोन वेगळ्या व्यासांच्या गोळ्या, वापरता यावेत, ही अट अशीच आली. भारतीय लष्कराने २०११ मध्ये ५.५६ आणि ७.६२ अशा दोन नळ्या बदलता येणाऱ्या रायफलीची निविदा काढली होती. ती २०१५ मध्ये रद्द झाली. समितीला हे ठाऊक होते, तरी अट मसुद्यात आलीच. ज्याने मोर्चावर नळी बदलली आहे, बदलल्यावर नेम सरकतो आणि पुन्हा झीरो करावे (साइट नव्याने जुळवावी) लागते हे अनुभवले आहे, असे त्या खोलीत कुणीच नव्हते.

या तिन्हींहून अवघड अशी एक चौथी गोष्ट होती. समितीतला एक मेजर तरुणपणी डोंगरकड्यावरच्या लढाईत होता. समोरच्या धारेवरून मशीनगन चालत होती आणि त्याच्या तुकडीच्या गोळ्या तिथवर पोहोचून उपयोगी पडत नव्हत्या. त्याने माणसे गमावली होती. मसुद्यातली "प्रत्येक रायफल ५०० मीटरवर प्रभावी हवी" ही ओळ त्याची होती. त्या ओळीवर बोट ठेवायला कुणी धजावत नव्हते, आणि ते समजण्यासारखे होते.

समोरचे पर्याय

खरेदी विभागाचा आग्रह होता की मसुदा आहे तसा पुढे जाऊ द्यावा. आर्थिक वर्ष संपत आले होते, तरतूद परत जाण्याची भीती खरी होती आणि चाचणीत काय ते ठरेलच, असा युक्तिवाद होता. त्यात एक मोठी खोच आहे. चाचणीत तेच तपासले जाते जे कागदावर लिहिलेले असते. अट चुकीची असेल तर चाचणी चुकीची रायफल अगदी काटेकोरपणे निवडून देते.

दुसरा पर्याय म्हणजे एखाद्या मोठ्या सैन्याचे गरजपत्रक उचलायचे. हे सोयीचे होते, पण त्यात दुसऱ्याच्या अनुभवाच्या मर्यादाही उचलल्या जातात. १९५७ मध्ये अमेरिकी सैन्याने हलक्या रायफलीची मागणी केली, तेव्हा गोळीने ५०० यार्डांवर पोलादी हेल्मेट भेदावे अशी अट घातली. ती त्यांच्या त्या काळच्या शत्रूच्या आणि रणभूमीच्या कल्पनेतून आली होती. आमच्या मसुद्यातही हेल्मेट भेदण्याची अट होती, पण समोरच्या शत्रूचे हेल्मेट कशाचे आहे हे तपासलेले नव्हते. शिवाय एवढ्या अंतरावर काय भेदले जाईल हे बव्हंशी काडतूस आणि नळीची लांबी ठरवते. ती अट दारूगोळ्याच्या कागदावर हवी होती.

तिसरा पर्याय तज्ज्ञांवर सोडण्याचा. विशेष दलाच्या लोकांनी बऱ्याच रायफली वापरलेल्या असतात, त्यांनाच विचारू. यालाही अर्थ होता. पण विशेष दलाचा जवान वर्षाला जितक्या गोळ्या झाडतो, तितक्या सामान्य पायदळाच्या वाट्याला येत नाहीत. त्याची रायफल साफ ठेवायला वेळ असतो, आर्मरर (शस्त्रे दुरुस्त करणारा कारागीर) हाताशी असतो. त्यांचा अनुभव खोल खरा, पण वेगळ्या विहिरीतला.

चौथा पर्याय सार्जंटने सुचवला. आधी हात फिरवू द्या, मग लिहा. वेगवेगळ्या पद्धतीच्या काही रायफली गोळा करायच्या, सामान्य जवानांना द्यायच्या आणि त्यानंतरच मसुद्याला हात लावायचा.

काय केले

अध्यक्षांनी मसुदा थांबवला. सगळ्या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय मला हाच वाटतो, कारण न थांबवणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. तरतुदीचा काही भाग खरोखरच परत गेला आणि त्यावरून अध्यक्षांना वरिष्ठांपुढे उभे राहावे लागले.

रायफली जमवताना बरीच धावपळ झाली. काही पोलिसांच्या विशेष पथकाकडून उसन्या आल्या, काही जप्तीच्या कोठारातून, काही मित्रसैन्यासोबतच्या संयुक्त सरावात वापरायला मिळाल्या. परिपूर्ण संच नव्हता तो. पण गोळीच्या गॅसने दट्ट्या ढकलून चालणाऱ्या (गॅस पिस्टन), तो गॅस थेट बोल्टकडे नेणाऱ्या (थेट गॅस), मागच्या बाजूला मॅगझिन असलेल्या बुलपप पद्धतीच्या, अशा तऱ्हेतऱ्हेच्या रायफली होत्या (बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) आणि नेम धरायच्या साध्या लाल ठिपक्याच्या साइट्सही मिळाल्या.

कुणी झाडायच्या, यावर पुन्हा वाद. काहींना नेमबाजी संघातले जवान हवे होते, म्हणजे निकाल स्वच्छ येतील. सार्जंट म्हणाला, "सर, चॅम्पियनला काठी दिली तरी तो बरोबर मारेल. आपल्याला रायफल तपासायची आहे, त्याला नाही." शेवटी एक साधी पलटण निवडली गेली. त्यात चालक होते, सिग्नलवाले होते, उंचीने कमी आणि हाताने लहान असे जवानही मुद्दाम घेतले. सगळे बुलेटप्रूफ जॅकेट घालून, हातमोजे चढवून, आधी धावून दम लागल्यावर झाडायचे. उघड्या मैदानात पालथे पडून शांतपणे झाडणे त्यांना येतच होते.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. पलटणीत एक डावखुरा जवान होता. भरती झाल्यापासून त्याला उजव्या खांद्यावरून झाडायला शिकवलेले, कारण जुन्या रायफलीची सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणूनची कळ) एकाच बाजूला होती. दोन्ही बाजूंनी सेफ्टी असलेली रायफल हातात आल्यावर त्याने विचारले, "डाव्या खांद्यावर लावू का?" परवानगी मिळाली. आडोशाच्या डाव्या कडेवरून झाडताना त्याचे शरीर एकदम झाकले गेले, फक्त नळी आणि डोळा बाहेर. मग उजव्या हाताच्या जवानांनाही डाव्या कडेवरून तसेच करायला सांगितले, आणि जुन्या रायफलीने त्यांचे अर्धे अंग आडोशाबाहेर येते हे सगळ्यांनी पाहिले. मग बुलपपची पाळी आली. ब्रिटिश एसए८० डाव्या खांद्यावरून झाडता येत नाही, हे वाचून माहीत असलेली गोष्ट. इथे रिकाम्या पुंगळ्या झाडणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने येतात म्हणजे काय, हे रिकाम्या रायफलीवर बोल्ट ओढून सार्जंटने दाखवले आणि कुणालाही वेगळे समजवावे लागले नाही. दोन्ही हातांनी वापरता येण्याची अट मूळ मसुद्यात कुठेच नव्हती. जुनी रायफल तशी नव्हती, म्हणून ती उणीव कुणाला उणीवच वाटली नव्हती.

बर्स्टचेही असेच झाले. एका रायफलीत बर्स्टचे दातेचक्र होते, अमेरिकी एम१६ए२ रायफलीत असते तसे. दोन गोळ्या सुटल्यावर बोट उचलले तर चक्र तिथेच थांबते आणि पुढच्या वेळी ट्रिगर दाबल्यावर एकच गोळी सुटते. शिवाय चक्र कुठल्या दातावर आहे त्याप्रमाणे ट्रिगरचा जोर बदलतो, एकेक गोळी झाडतानासुद्धा. जवान वैतागले. पुढे अमेरिकी सैन्यानेच आपल्या एम४ कार्बाइन (आखूड रायफली) बर्स्टऐवजी पूर्ण स्वयंचलित एम४ए१ मध्ये बदलायला घेतल्या, हे त्यानंतर वाचल्यावर समितीला ते पटले.

आता बोल्ट पुढे ढकलण्याच्या बटणाबद्दल. बोल्ट पूर्ण बंद झाला नाही तर तो ढकलून बंद करणारे हे बटण मसुद्यात अनिवार्य होते. त्यावर मी समितीपुढे एम१६ चा इतिहास मांडला, कारण या विषयावर यापेक्षा बोलका दाखला मला माहीत नाही. एम१ आणि एम१४ या आधीच्या रायफलींवर वाढलेल्या अमेरिकी सैनिकाला बोल्ट हाताने पुढे ठोकता यायचा, कारण बोल्ट ओढायची मूठ बोल्टबरोबर हलायची. एम१६ जिच्यापासून बनली त्या एआर-१५ मध्ये मूठ फक्त मागे ओढता येते. सैन्याला ते रुचले नाही, त्यांनी बटणाचा आग्रह धरला. हवाई दलाला त्याची गरज वाटली नाही. परिणामी १९६३ च्या सुमारास हवाई दलाची एम१६ बटणाशिवाय आणि सैन्याची एक्सएम१६ई१ बटणासह, अशा दोन रायफली झाल्या. इतका खल बटणावर झाला, आणि व्हिएतनाममध्ये घात झाला तो भलतीकडूनच. काडतुसातली दारू बदलली, त्यामुळे झाडण्याचा वेग वाढला. चेंबरला (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाला) क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचे साहित्य पुरेसे पोहोचले नव्हते. रिकामी पुंगळी चेंबरमध्ये अडकून बसायची आणि अशा वेळी पुढे ढकलणारे बटण काहीच करू शकत नाही. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने याची चौकशी केली. जुन्या रायफलीच्या आठवणीने लक्ष एका जागी खिळवले आणि खरा धोका दुसरीकडे होता.

राहिला ५०० मीटरचा प्रश्न. मेजरशी अध्यक्ष स्वतः, बैठकीबाहेर बोलले. त्याचा अनुभव खोटा ठरवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की त्या दिवशी धारेवरच्या मशीनगनला उत्तर देणारे शस्त्र प्रत्येकाच्या हातातली रायफल असायला हवे होते की आणखी काही. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाची आठवण इथे उपयोगी पडली. १८९९ ते १९०२ मध्ये बोअर नेमबाजांच्या ७ मिमी माउझरने ब्रिटिशांना दुरून टिपले, आणि त्या जखमेतून ब्रिटिशांनी .२७६ इंचाचे जोरदार काडतूस आणि १९१३ ची नवी रायफल तयार केली. चाचण्यांत तिची नळी तापायची, लवकर झिजायची, तोंडाशी मोठा जाळ व्हायचा. मग महायुद्ध सुरू झाले आणि जिला बदलायचे होते तीच ली-एन्फील्ड खंदकांतून शेवटपर्यंत लढली. १९५२ चा अमेरिकी संशोधक नॉर्मन हिचमन यांचा अभ्यासही समितीसमोर ठेवला. लढाईत रायफलीचा वापर बहुतेक वेळा ३०० यार्डांच्या आतच होतो आणि १०० यार्डांपलीकडे सामान्य सैनिकाचे नेम झपाट्याने ढासळतात, असे त्यात मांडले होते. मेजरने अभ्यास वाचला आणि एक योग्य हरकत घेतली: हे सरासरीचे बोलणे आहे, डोंगरात सरासरी चालत नाही. त्यामुळे अट पुसली गेली नाही, हलवली गेली. प्रत्येक तुकडीत एक अचूक लांब पल्ल्याची रायफल आणि चांगली दुर्बीण असलेली मशीनगन, ही शिफारस स्वतंत्र कागदावर गेली आणि त्या कागदाचा मसुदा मेजरनेच लिहिला.

परिणाम

नवा मसुदा जुन्याच्या निम्म्याहून लहान झाला. बर्स्ट गेला, बदलती नळी गेली. मॅगझिन कशाचे हे न सांगता किती उंचीवरून पडल्यावर ते चालले पाहिजे, हे लिहिले गेले. दोन्ही हातांनी वापर, हातमोज्यांसह हाताळणी आणि दुर्बीण काढून परत बसवल्यावर नेम टिकणे, या अटी नव्याने आल्या. निविदेला एकाहून अधिक पात्र रायफली आल्या, म्हणजे निवडीला वाव राहिला.

पण सगळे टिकले नाही. वरच्या कार्यालयात मसुदा गेला तेव्हा बोल्ट ढकलण्याचे बटण परत अनिवार्य झाले. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचा आयुष्यभराचा सराव बटण असलेल्या रायफलीचा होता आणि ते त्या पलटणीच्या चाचणीला हजर नव्हते. समितीने तिथे भांडण केले नाही. बटणाने वजन फारसे वाढत नव्हते आणि कुठलाही पुरवठादार बाद होत नव्हता. माझ्या मते ते शहाणपणाचे होते, वाद तिथे खर्च करावा अशी ती अट नव्हती.

रायफली पलटणींत पोहोचल्यावर जवानांनी त्या लवकर आपल्याशा केल्या. तक्रारी आल्या त्या आर्मररकडून. नव्या रायफलीचे गेज (झीज मोजायची मापके) आणि हत्यारे उशिरा पोहोचली. साइटच्या बॅटऱ्या कुठल्या खात्यातून मागवायच्या, हे कोठारवाल्यांना कुणी सांगितले नव्हते.

वेगळे काय करता आले असते

आर्मरर समितीत पहिल्या दिवसापासून हवा होता. जवान रायफल झाडतो, पण तिची पन्नास दुखणी आर्मररच्या टेबलावर येतात. मॅगझिनचा प्रश्न देखभालीचा आहे, हे त्याने पहिल्याच बैठकीत सांगितले असते.

दारूगोळ्याचा विचार रायफलीच्या आधी व्हायला हवा होता. एम१६ चा धडा समितीने वाचला, पण अंमलात आणला नाही. कॅलिबर आणि काडतूस गृहीत धरूनच काम पुढे गेले.

आणि एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. पलटणीला प्रत्येक रायफल मिळाली ती थोड्याच दिवसांसाठी. एवढ्या काळात नवेपणाचे आकर्षण असते आणि जुन्या सवयीचा अडथळाही. धूळ, थंडी, हजारो गोळ्यांनंतरची झीज, यांतले काहीच त्यात दिसत नाही. मागे मॅगझिन असलेली बुलपप जवानांना अवघड वाटली, पण मॅगझिन बदलण्याचा वर्षभर सराव केल्यावर तशी वाटली असती का, हे त्या चाचणीतून कळण्यासारखे नव्हते. दोन रायफलींची ओळख सहांवर गेली खरी, पण ती उथळच राहिली. किमान एका तुकडीला वेगळ्या पद्धतीची रायफल पूर्ण प्रशिक्षणवर्षासाठी द्यायला हवी होती.

यावर समितीने शेवटी एक शिफारस केली. शस्त्रप्रशिक्षण शाळेत वेगवेगळ्या देशांच्या, चालत्या स्थितीतल्या रायफलींचा कायमचा संग्रह ठेवावा आणि प्रत्येक प्रशिक्षकाने त्यांतून झाडावे. ब्रिटनमध्ये पॅटर्न रूम या सैनिकी शस्त्रांच्या जुन्या नमुनासंग्रहालयाचा संग्रह आज लीड्समध्ये रॉयल आर्मरीजकडे आहे, जर्मनीत कोब्लेन्झला सैन्याचा तांत्रिक संग्रह आहे. शिफारस मंजूर झाली, शाळेत खोली आणि रॅकही मिळाले. वेगवेगळ्या कॅलिबरच्या काडतुसांची वार्षिक तरतूद मात्र अजून झालेली नाही, आणि तिच्याशिवाय त्या रायफली रॅकवर नुसत्या बघायच्या वस्तू राहतात. सार्जंटने त्यासाठी दुसऱ्यांदा प्रस्ताव पाठवला आहे.